असा दिसूलालो का मी?

चाळीसपेक्षा जास्त वर्षं फोटो काढतोय. या काळात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हे. नांदेडात ते "असा दिसायलो का मी?" असं यायचं, लातुरात "असा दिसूलालो का मी?" असं येतं. गिऱ्हाईक काउंटरशी उभं राहून पाकिटातून पासपोर्टच्या कॉप्या काढतं. आधी जवळ धरून बघतं, मग हात लांब करून बघतं, मग आमच्या भिंतीवरच्या आरशात एक नजर टाकतं आणि मग विचारतं. सुरात राग थोडा असतो, पण कुणीतरी फसवल्याचं दुःख बरंच असतं.

मी 1979 साली नांदेडला वजिराबादेत एका स्टुडिओत कामाला लागलो. दहावीचा निकाल लागला होता आणि तो घरी दाखवण्यासारखा नव्हता. उस्ताद हैदराबादेत धंदा शिकून आलेले. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचं नाव घेताना ते कानाच्या पाळीला हात लावायचे. पहिलं वर्षभर मला त्यांनी कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. हायपोच्या ट्रेमधले फोटो धुवायचे, तारेवर क्लिपा लावून वाळवायचे, गिऱ्हाइकाला कंगवा आणि पावडरचा डबा द्यायचा, एवढंच काम. त्यामुळं झालं काय, की फोटो काढण्याआधी मी माणसं बघायला शिकलो. आरशासमोर भांग पाडताना ती कशी तोंड करतात आणि फोटो हातात पडल्यावर कशी करतात, हे मला पाठ झालं.

एकदा तहसीलमधले एक कारकून आले. फोटो चांगला आला होता, उजेड दोन्ही गालांवर सारखा, डोळे उघडे. ते ऐकेनात. "हा मी न्हाईच," म्हणाले, "दुसऱ्या कुणाचा तरी दिलाव." उस्तादांनी वाद घातला नाही. संध्याकाळी या म्हणाले. मला वाटलं, परत फोटो काढणार. त्यांनी तीच निगेटिव्ह घेतली आणि एन्लार्जरमध्ये पालथी घातली. निगेटिव्हची इमल्शनची बाजू खाली, कागदाकडं ठेवायची असते. ती वर केली की छपाई उलटी येते, डावं उजवीकडं आणि उजवं डावीकडं. संध्याकाळी कारकून आले, फोटो बघितला, खुलले. "आता कसं! आता मी दिसायलो." सोबत त्यांच्या मंडळी होत्या. त्यांनी दोन्ही कॉप्या शेजारी ठेवल्या आणि हळूच म्हणाल्या, "पहिलाच बरा होता की."

ते गेल्यावर उस्ताद हसत मला म्हणाले, "मियाँ, इनकू फोटू नई होना, आईना होना."

प्रत्येकाचा चेहरा थोडा वाकडा असतो. एक भुवई जरा वर, ओठाचा एक कोपरा खाली, भांग एका अंगाला. आपल्याला आपलं तोंड फक्त आरशातून ठाऊक, म्हणजे उलटं ठाऊक. तो उलटा वाकडेपणा जन्मभर बघून इतका सवयीचा होतो की त्यालाच आपण सरळ समजतो. फोटोत तोच वाकडेपणा दुसऱ्या बाजूला गेला की डोळ्याला खटकतं. बायकोला मात्र खटकत नाही, कारण तिनं नवऱ्याला समोरून बघितलेलं असतं.

पुढं लातुरात मानसशास्त्राचे एक प्राध्यापक निवृत्तीच्या फोटोसाठी आले होते, त्यांना मी ही गोष्ट सांगितली. ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, याच्यावर 1977 साली अमेरिकेत विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठात मीटा, डर्मर आणि नाइट या तिघांनी प्रयोग केलाय. मुलींचे फोटो काढले, एक सुलट छापला, एक उलटा. त्या मुलींना विचारलं, कुठला आवडला? त्यांचा कल आरशातल्यासारख्या उलट्या फोटोकडं होता. त्यांच्या मैत्रिणींचा कल सुलट्याकडं. प्राध्यापक खूश, मी त्यांच्याहून खूश. उस्ताद तोवर वारले होते, नाहीतर ट्रंककॉल लावून सांगितलं असतं.

ही युक्ती सगळीकडं चालायची नाही. साडीचा पदर उलट्या छपाईत उजव्या खांद्यावर जायचा. शर्टाचा खिसा बाजू बदलायचा. आणि नांदेडात तर सचखंड गुरुद्वाऱ्याला आलेले यात्रेकरू असायचे. एकदा पंजाबातल्या एका सरदारजींचा फोटो मी, नवशिक्या, घाईत पालथा छापला. तोंडाकडं त्यांनी बघितलंच नाही. पगडीचे पेच आणि किरपाण बघून त्यांनी फोटो काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "बेटा, मैं खब्बू नहीं हूँ." खब्बू म्हणजे डावखुरा. या गृहस्थांना स्वतःच्या नाकाडोळ्यांपेक्षा पगडीची बाजू जास्त पाठ होती. असा एखादाच भेटतो.

1985 साली मी लातूरला आलो. लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती, कचेऱ्या वाढत होत्या, कॉलेजं नाव काढत होती, आणि प्रत्येक अर्जाला फोटो लागत होता. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी लातूरला पोचते. मी एक ट्रंक आणि एक यशिका घेऊन उतरलो. गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात, त्यातल्या एकावर गाळा भाड्यानं घेतला. पहिल्याच आठवड्यात एका आडतीवरच्या मुनीमजींनी विचारलं, "तुम्ही नांदेडचे का?" मी चकित. मी कुठं सांगितलं होतं? "बोलण्यावरून कळतंय की. आम्ही येऊलालो म्हणतो, तुम्ही यायलो म्हणतात." तोपर्यंत माझी समजूत होती की मी साधं मराठी बोलतो, आणि बोली असलीच तर ती दुसऱ्यांना असते.

हा झाला पहिला दणका. तो मी हसण्यावारी नेला. दुसरा त्याहून जोरात बसला.

लग्नांमध्ये व्हिडिओ शूटिंग सुरू झालं तेव्हा मी फोटोला असायचो आणि भाड्यानं आणलेला एक पोरगा व्हीएचएसचा कॅमेरा धरायचा. औशाकडच्या एका लग्नाची कॅसेट गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी तपासत बसलो होतो. सप्तपदीच्या वेळी पडद्याबाहेरून कुणीतरी खेकसत होतं. "नवरदेव, इकडं! मान वर! ए, त्या मामाला बाजूला घ्या! हसा की, काय मयतीला आलाव का?" मी आमच्या पोराला विचारलं, "कोण रे हा? एवढं ओरडायला काय झालं याला?" पोरगा गप्प. मग खाली बघत म्हणाला, "काका, तुम्हीच की."

आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो, हवेतून कानात आणि आतून कवटीच्या हाडांतून. हाडांतून येणारा भाग आवाजाला भारदस्त करतो. बाकीच्यांना तो भाग मिळत नाही, त्यांच्या वाट्याला नुसता हवेतला येतो. म्हणून रेकॉर्ड केलेला आपला आवाज पातळ, किनरा, परका वाटतो. हे मला नंतर समजलं आणि थोडं बरं वाटलं. पण आवाज किनरा असण्याचं कारण हाडं सांगतील, "मयतीला आलाव का" याचं कारण हाडं कसं सांगणार? माझ्या डोक्यात मी त्या नवऱ्यामुलाची गंमत करत होतो. त्याचा ताण कमी करत होतो! मी मृदू बोलणारा, गिऱ्हाइकाला सांभाळून घेणारा माणूस आहे, असं माझं स्वतःबद्दल पक्कं मत होतं. ती कॅसेट मी दोनदा मागं घेऊन ऐकली. गिऱ्हाइकाला देताना त्या भागावर सनईचा आवाज चढवून दिला. मत तेच ठेवलं.

1993च्या भूकंपाचं सांगायलाच पाहिजे.

29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन मिरवणुकीचे रोल पिशवीत तसेच होते, धुवायचे होते. 30च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटं असताना, पलंग हलला. किल्लारी लातूरपासून चाळीसेक किलोमीटरवर. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं बसली. माणसं दहा हजारांच्या आसपास गेली. घरं दगडमातीची, जाड भिंती, वर माळवदाचं ओझं. भिंतीवर टांगलेले फोटो त्या भिंतींबरोबरच गेले. मग दिवाळीच्या आगेमागे लोक दुकानात यायला लागले. हातात दुसऱ्या गावच्या पाहुण्याच्या घरून आणलेला लग्नाचा ग्रुप फोटो. त्यात मागच्या रांगेत कुठंतरी तुरीच्या दाण्याएवढं एक तोंड. त्यावर बोट ठेवून म्हणायचे, "हा. ह्याचा मोठा करून द्या."

कॉपी स्टँडवर फोटोचा फोटो काढायचा, मोठा करायचा, मग ब्रशनं आणि पेन्सिलीनं भुवया, ओठ, डोळ्यांच्या कडा भरून काढायच्या. तुरीच्या दाण्यात तपशील नसतो. मी भरायचो तो अंदाजानं, नातेवाइकांना विचारून. तेव्हा लक्षात आलं की विचारायला गेलं तर एका माणसाची तीन तोंडं निघतात. एका तरुण मुलाचा फोटो होता. आई म्हणाली, "माझं लेकरू हसऱ्या तोंडाचं होतं, इतकं कडक करू नका." बहीण म्हणाली, "दादा असाच बघायचा. त्यो घरात आला की आम्ही गप व्हायचो." आईनं तिच्याकडं असं बघितलं की तिनं पदर तोंडाला लावला. मी ब्रश हातात घेऊन बसलेला. इतक्या वर्षांची सवय अशी की दोघांचं पटलं नाही की मी तिसऱ्याकडं, ज्याचा फोटो त्याच्याकडं, बघायचो, आणि तो त्याचं म्हणणं सांगायचा, बहुतेक वेळा दोघांनाही न पटणारं. त्या दिवशीही मी मान वळवली. बाकड्यावर कुणी नव्हतं.

दोन कॉप्या केल्या. एक आईची, एक बहिणीची. त्या दिवसांत पालथी निगेटिव्ह एकदाही घातली नाही. घालायला सांगणारं कुणी नव्हतं.

आपलाच फोटो न पटायचा हा रोग गावांनाही असतो. आम्हा लातूरकरांना विचाराल तर लातूर म्हणजे लातूर पॅटर्न, दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीत नाव काढलेलं शहर, तुरीची आणि सोयाबीनची बाजारपेठ. 2016च्या उन्हाळ्यात सगळ्या देशानं आमच्याकडं बघितलं आणि त्याला दिसली पाण्याची रेल्वे. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मांजरा धरण कोरडं होतं, हे खरं. टाक्यांपाशी जमावबंदी लागली होती, हेही खरं. तरी टीव्हीवर ते चालू असताना गल्लीतली माणसं असं तोंड करून बघायची जसं माझं गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोकडं बघतं.

बाहेरून आलेल्या एका ओळखीच्या पत्रकारासाठी मी त्या दिवसांत टँकरच्या रांगांचे फोटो काढत होतो. एका वस्तीत एक बाई घागरी लावून बसलेल्या. ऊन तिरपं, रांग लांब, रिकाम्या घागरींवर उजेड छान पडलेला. छान म्हणायची लाज वाटते, पण फोटोग्राफरच्या डोक्यात तोच शब्द येतो. मी कॅमेरा उचलला. त्या म्हणाल्या, "थांबा हो भाऊ, साडी बदलून येते."

मी म्हणालो, "ताई, आहे तशीच बरी आहे."

"तुम्हाला बरी आहे. मला न्हाई."

मी चिडलो. ऊन जाईल म्हणालो, रांग सरकेल म्हणालो. त्यांनी घागरीपाशी पोरीला बसवलं, घरात गेल्या, इस्त्रीची साडी नेसून, केस बांधून आल्या आणि पोरीला शेजारी उभं केलं. "हिला गेल्या साली दहावीला ब्याण्णव टक्के पडल्यात. ते लिवा खाली." मी फोटो काढला. पत्रकाराला तो चालला नाही. टंचाई दिसत नाही म्हणाला. बरोबरच होतं त्याचं, दिसत नव्हती. महिनाभरानं मी कॉपी द्यायला गेलो. पैसे नको म्हणालो तर त्यांनी मोजून हातावर ठेवले. त्या दिवशी त्या रांगेत एक तहानलेली बाई मला दिसत होती, आणि त्यांना शिकणाऱ्या पोरीची आई दिसत होती. दोन्ही तिथंच बसल्या होत्या, एकाच घागरीमागं. मी मात्र त्यांच्यावर डाफरलो होतो, एवढं माझ्या नावावर राहिलं.

आता दुकान ट्यूशन एरियाच्या बाजूला आहे. गिऱ्हाईक सगळं सतरा-अठरा वर्षांचं, कंधारचं, देगलूरचं, उदगीरचं, आणखी कुठलंकुठलं. नीटच्या अर्जाला पांढरा पडदा, दोन्ही कान दिसायला पाहिजेत, चेहरा मोठा पाहिजे. फोटो हातात पडला की एकच तक्रार: "काका, सेल्फी चांगली येते." येणारच. सेल्फी काढताना मोबाइलच्या पडद्यावर जे दिसतं तो आरसाच असतो, आणि आता तो दिवसातून शंभर वेळा बघायची सोय झाली आहे. उस्तादांच्या काळातला कारकून दाढी करताना एकदा बघायचा, तरी त्याला फोटो परका वाटला. या लेकरांचं काय होत असेल! पालथी निगेटिव्ह घालायची आता गरज नाही, कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं की काम होतं. अर्जाला मी ते करत नाही. परीक्षेच्या दारावर फोटो बघणारा माणूस समोरून बघणार आहे.

दोनेक वर्षांपूर्वी पडद्यामागं दिव्याची वायर जोडत होतो. बाहेर दोन मुली आल्या. एक म्हणाली, "इथं नको गं. ते काका इंजेक्शन द्यायला आल्यासारखं बघतात." दुसरी म्हणाली, "हां, ते इंजेक्शनवाले का?" म्हणजे नाव पडलेलं होतं. होस्टेलांतून फिरत होतं. मी पडद्यामागंच थांबलो, त्या जाईपर्यंत.

रात्री घरी सांगितलं. मला वाटलं, बायको म्हणेल, पोरींना काय कळतंय. ती तूर निवडत बसली होती. सुपातून नजर वर न करता म्हणाली, "मग? तसंच बघताव की." मी म्हणालो, कधी? "फोटो काढताना. एक डोळा बारीक, कपाळाला आठ्या, दात आवळलेले. आपल्या लग्नात दुसऱ्याचा फोटो नीट येईना म्हणून तुम्ही कॅमेरा घेतलाव, तवापासून बघूलाले मी."

मी आरशासमोर जाऊन उभा राहिलो. शांत, मवाळ, थोडा थकलेला चेहरा. आरशासमोर कॅमेरा कोण धरतं? कॅमेऱ्यामागच्या त्या चेहऱ्याचा फोटो कुणाकडंच नाही, कारण तो ज्या वेळी असतो त्या वेळी कॅमेरा माझ्याच हातात असतो. हजारो माणसांनी माझं तेच तोंड बघितलं. पापणी न हलवता, हनुवटी खाली घालून, अगदी समोरून. मी त्यांना म्हणत होतो "नैसर्गिक राहा", आणि फोटोत ती ताठ आली की घरी बोलायचो, आपल्याकडच्या लोकांना कॅमेऱ्याची भीती जात नाही.

गेल्या साली एका कार्डासाठी मला स्वतःचाच फोटो लागला. आमच्या दुकानातला पोरगा, म्हणजे आता तो चाळिशीचा आहे, त्याला म्हटलं, काढ. मी स्टुलावर बसलो. त्यानं कॅमेरा उचलला, डोळ्याला लावला आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. एक डोळा बारीक, दात आवळलेले. "काका, हनुवटी खाली. खांदे सोडा. सोडा म्हणलं की!" माझे खांदे आणखी वर गेले.

कॉप्या निघाल्या. मी हातात घेतल्या, जवळ धरल्या, लांब धरल्या, भिंतीवरच्या आरशात एकदा बघितलं. मग तोंडातून गेलंच. लातुरी आलं का नांदेडी, आठवत नाही.

तो म्हणाला, "असेच दिसताव काका. रोज." आणि मग, धंद्याची सवय, "उलटा करून देऊ का?"

नको म्हणालो. कॉप्या घरी नेल्या, बायकोनं त्यातली एक काढून देवघराच्या फळीला टेकवून ठेवली आणि बाकीच्या मला परत दिल्या. कार्डावर तोच लागला आहे.

आमच्याकडं फोटो काढायला आलात तर घरचं कुणीतरी सोबत आणा. चारपैकी कुठला घ्यायचा ते त्यांना ठरवू द्या, तुम्ही बाकड्यावर बसा. आणि मी डोळा बारीक केला तर घाबरू नका, फोकस बघत असतो.